दारावरची चिठ्ठी

पत्र, थोडक्यात:

पत्रलेखिका ३८ वर्षांच्या. कोल्हापुरात एका माध्यमिक शाळेत ११ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. गल्लीत कुणाचा अर्ज असो, तक्रार असो, लग्नपत्रिकेचा मजकूर असो, लोक त्यांच्याकडे यायचे. तीन वर्षांपूर्वी यजमानांना जर्मनीत नोकरी लागली आणि तिघंही स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहायला गेले. मुलगा नऊ वर्षांचा, तिसरीत. तो जर्मन फडाफडा बोलतो आणि आईच्या चुका चारचौघांत सुधारतो. "ह्यांचं ऑफिसात इंग्रजीत भागतं." बाईंनी तिथला सरकारी इंटिग्रेशन कोर्स पूर्ण केला. परीक्षेत वाचन-श्रवण बी-१, लेखन बी-१, बोलणं मात्र त्याच्या खालच्या पायरीवर, ए-२, म्हणून एकूण निकाल ए-२. पुन्हा कोर्सला नाव घातलं, पण गेले दोन महिने त्या वर्गात गेलेल्याच नाहीत. सकाळी साडेआठला पिशवी घेऊन निघतात, लोकलनं स्टुटगार्टच्या मोठ्या ग्रंथालयात जातात, कानात इअरफोन घालून मराठी मालिका बघतात आणि जेवायच्या वेळेला घरी परततात. घरात कुणाला हे माहीत नाही. वर्गातल्या एका सीरियन बाईचे "कुठे आहेस?" असे तीन मेसेज आले, त्यांना उत्तर गेलेलं नाही. महिन्यापूर्वी खालच्या मजल्यावरच्या आजींनी दारावर हातानं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. अक्षर लागेना. तक्रारच असणार, म्हणून ती तीन दिवस मसाल्याच्या खणात पडून राहिली. शेवटी मुलानं वाचली: दोन आठवडे मी घरी नाही, माझ्या पाळीचा जिना तुम्ही झाडाल का? बाईंनी जिना झाडला. पुढे बोलणं झालं नाही.

"मी इथं मठ्ठ झालेय. माझ्याशी बोलायला कुणी नाही, आणि कुणी बोललंच तर मी नुसती हसते. भाषा येत नाही तोवर हे असंच चालणार. माझं वय झालं का? मुलाला घेऊन दोन वर्षं कोल्हापूरला जाऊ का? आणि ग्रंथालयाचं ह्यांना सांगू की नको?"

बाई, सप्रेम नमस्कार.

"बाई" म्हटलेलं चालेल ना? ११ वर्षं पोरांनी ज्या नावानं हाक मारली, ते नाव गेल्या तीन वर्षांत तुमच्या कानावर पडलं नसेल, म्हणून मुद्दाम म्हणते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली. पहिली खूण केली ती मजकुराला नाही. एवढ्या लांब पत्रात एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. "रडत रडत लिहितेय" असं म्हणता, तरीही नाही. हे लक्षात ठेवा, त्याकडे मी परत येणार आहे.

दुसरी रेघ "माझ्याशी बोलायला कुणी नाही" या वाक्याखाली. ती मारली आणि तुमच्याच पत्रातली माणसं मोजली. एक बाई तीनदा विचारते, कुठे आहेस. दुसरी म्हातारी बाई कागद घेऊन बसते, हातानं चार ओळी लिहिते, जिना चढून वर येते आणि तुमच्या दारावर चिकटवते. म्हणजे दोन माणसं झाली. दोघींनाही तुमच्याकडून एक शब्द गेलेला नाही. मी दोष देत नाही. पण कुणी दारच वाजवत नाही हे एक दुखणं, आणि दार वाजलं की आतून श्वास रोखून उभं राहायचं हे दुसरं. तुम्ही पहिल्याचं औषध मागताय. मला लक्षणं दुसऱ्याची दिसतात.

आता तुमचा निकाल. ज्या वाचकांना ही परीक्षा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हा कोर्स साधारण ७०० तासिकांचा: ६०० भाषेच्या, १०० तिथला कायदा, इतिहास, समाज समजावणाऱ्या. तासिका ४५ मिनिटांची. परीक्षेचे तीन निकाल लागतात: वाचन-श्रवण, लेखन आणि बोलणं. एकूण बी-१ मिळायला बोलण्यात बी-१ हवंच, शिवाय उरलेल्या दोहोंपैकी एकात. बाई, तुम्हाला त्या दोन्हींत बी-१ आहे! अडलं ते फक्त त्या पंधरा-सोळा मिनिटांत, जिथं समोर परीक्षक आणि शेजारी जोडीदार बसलेला असतो. "मला भाषा येत नाही" हे तुमचं म्हणणं तुमच्याच गुणपत्रिकेशी जुळत नाही. तुम्ही पुन्हा पहिल्या पानापासून विभक्तीचे तक्ते घोकायला बसाल (तुमचा स्वभाव पाहता नक्की बसाल), तर ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होईल. तक्ते तुम्हाला पाठ आहेत. आवाज निघत नाही.

मठ्ठपणाचं म्हणाल तर एक विचारते. तुमच्या त्या भागात पावणेतीनला काय म्हणतात? "ड्रायफिअर्टल ड्राय." शब्दशः "पाऊण तीन". जर्मनीच्या इतर भागांतले लोकसुद्धा हे ऐकून गोंधळतात. तुम्ही गोंधळायचं कारण नाही, आपलं "पावणे" तरी दुसरं काय आहे? अडीच वाजता तिकडे "हाल्प ड्राय" म्हणतात, म्हणजे "अर्धा तीन". इंग्रजीतून जर्मन शिकणारा इथं हमखास तासाभरानं चुकतो, कारण त्याला ते साडेतीन वाटतात. आणि आपलं अडीच कुठून आलं? संस्कृत "अर्धतृतीय" वरून. तिसरा अर्धा! तेच गणित. दीड हे "द्व्यर्ध", दुसरा अर्धा. जर्मन "आन्डर्टहाल्प" हेही दुसरा अर्धाच. एकवीस म्हणताना आपण एक आधी म्हणतो आणि वीस मागून. ते म्हणतात "आइन-उंट-त्स्वान्त्सिश", एक आणि वीस. हिंदी बोलणाऱ्याला लिंगं दोनच, आपण तो-ती-ते घेऊनच जन्माला आलो. लिंगं जुळतील असं नाही, त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी आहे आणि मुलगी नपुंसकलिंगी. पण तिसरं लिंग नावाची भानगड असते हे तुम्हाला कुणी पटवून द्यावं लागत नाही. उपवाक्यात क्रियापद शेवटी ढकलायचं, तू आणि तुम्ही तोलून वापरायचं, हेही तुमच्या अंगवळणी पडलेलं. माझा अंदाज असा की तुम्ही मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवता आणि त्याचं जर्मन करता. आपण बहुतेक जण परकी भाषा अशीच शिकतो, इंग्रजीच्या दारातून. काही दिवस ते मधलं दार बंद करून बघा. मराठीतून थेट उडी मारा.

बेकरीचं तुम्ही लिहिलंत: बाई काहीतरी विचारते, कळत नाही, तुम्ही हसता आणि दोनाऐवजी एकच ब्रेत्सेल, तो पीळ घातलेला खारा पाव, घेऊन बाहेर पडता. तिनं बहुधा "सोन्श्ट नो एब्बेस?" असं विचारलं असणार. अजून काही? कोर्सच्या पुस्तकात हे "सोन्स्ट नोख एत्वास?" असं असतं. तुमचा कोर्स शिकवतो पुणेरी जर्मन, आणि बेकरीवाली बोलते कोल्हापुरी. तिचं श्वाबिश आहे, त्या भागातली बोली. "इस्ट"चं "इश" होतं, "निश्ट"चं "नेट" होतं, वाक्याच्या शेवटी "गेल?" येतं, आपल्या "व्हय का न्हाई?" सारखं. हे न कळणं म्हणजे मठ्ठपणा असेल, तर हांबुर्गचा माणूसही तिथं थोडा मठ्ठच ठरेल.

आता हेच चित्र उलटं धरा. पाठ्यपुस्तकातून मराठी शिकलेली एक जर्मन बाई कपिलतीर्थ मार्केटात उभी आहे. भाजीवाली म्हणते, "लई दिसानं आलाईस की गं, काय देऊ?" जर्मन बाई वहीतले प्रत्यय चाळतेय. तेवढ्यात शेजारची गिऱ्हाईक बाई पिशवी उचलते आणि म्हणते, "येतो गं मी." येतो! वहीत तर लिहिलंय की बाईनं "येते" म्हणायचं. आपल्या कोल्हापुरात बायका पिढ्यान् पिढ्या "मी जातो, मी येतो" म्हणत आल्या आहेत, आणि त्याचे गुण कुणी कापलेले नाहीत. तुम्हीही माहेरच्या अंगणात असंच बोलत असाल. मग बेकरीत पुल्लिंगी नामाआधीच्या "डेर"च्या जागी स्त्रीलिंगी "डी" गेला तर धरणी दुभंगेल असं का वाटतं?

त्याचं उत्तर त्या न चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घांत आहे. तुमच्यातली शिक्षिका लाल पेन घेऊन तुमच्याच जिभेवर बसलीय. वाक्य तोंडातून निघायच्या आधीच ती त्यावर फुली मारते. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कामाला आलेल्या उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाच्या कुटुंबांची पोरं कोल्हापूरकडच्या शाळांतून असतात. असं एखादं पोर तुमच्याही वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसलेलं असेल. पहिल्या दिवशी त्यानं "बाई, मला पाणी पिऊ" असं म्हटलं, तेव्हा तुम्ही काय केलंत? पाणी प्यायला पाठवलंत. वाक्य दुरुस्त करायला पुढं अख्खं वर्ष होतं.

मला हे फार शहाणपणानं सांगता येतं असं समजू नका. मद्रासचं चेन्नई झालं त्या १९९६ साली मी तिथंच राहत होते, नवऱ्याच्या बदलीमुळे. दीड वर्ष तमिळ मुळाक्षरांची वही गिरवली आणि बाहेर चकार शब्द काढला नाही. आमच्या गल्लीत पाण्याची लॉरी यायची. तिच्यासाठी पहाटेपासून प्लास्टिकच्या रंगीत घागरींची, कुडमांची, रांग लागायची. एका सकाळी कुणीतरी माझा निळा कुडम उचलून चार घागरी मागे ठेवला. माझ्या तोंडून इतक्या जोरात निघालं, "इदु एन्नोड कुडम!", की पुढच्या बाईच्या हातातला पाइप सुटला. ही माझी घागर आहे. आयुष्यातलं पहिलं तमिळ वाक्य, आणि त्यात क्रियापद नव्हतं. (अशा वाक्यात तमिळला क्रियापद लागत नाही हे मला मागाहून कळलं, तोवर मी मनातल्या मनात लाजून घेतलं होतं.) रांग आधी गप्प झाली, मग हसली. जिनं घागर सारली होती ती दुसऱ्या दिवसापासून मला उशीर झाला की खिडकीखालून हाक मारायची. माझं तमिळ शेवटपर्यंत भांडणापुरतं आणि भाजीपुरतं राहिलं, आणि संध्याकाळचा एकटेपणा चार वर्षांत काही पूर्ण गेला नाही. हेही सांगून ठेवते.

कारण तुमच्या पत्रातलं एक गृहीतक मला सगळ्यात जास्त छळतंय. भाषा आली की एकटेपणा जाईल. समजा उद्या सकाळी तुम्ही उठलात आणि जर्मन अस्खलित. जिन्यातले लोक अर्ज लिहून घ्यायला रांग लावतील का? तुम्ही सोडून आलात ती नुसती भाषा नाही. तुमच्या शब्दाला वजन होतं ती गल्ली, तो स्टाफरूम, "बाईंना विचारा" असं म्हणणारी माणसं तुम्ही सोडून आलात. त्याचं दुःख खरं आहे आणि ते कुठल्याही परीक्षेत पास होऊन फिटणारं नाही. ते दुःख तुम्ही जर्मनच्या खात्यावर मांडून ठेवलंय, म्हणून जर्मनचं ओझं दुप्पट झालंय. त्या दुःखासाठी मराठीतच जागा काढा. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर तुमच्या गावाजवळच्या मराठी मुलांना वाचन शिकवा, जुन्या विद्यार्थ्यांची शिकवणी घ्या, काहीही. तुमच्या शब्दाला वजन असलेला एक तास आठवड्यात असू द्या. मग बेकरीतला फजितीचा अर्धा मिनिट सोसवेल.

आता ग्रंथालय. स्टुटगार्टचं ते ग्रंथालय २०११ साली उघडलं. मोठा राखाडी ठोकळा, आतून पांढराशुभ्र. बाहेरच्या चार भिंतींवर ग्रंथालय हा शब्द चार भाषांत लिहिलाय, जर्मन, इंग्रजी, अरबी आणि कोरियन. जागा तुम्ही छानच निवडलीत. फक्त एवढंच बघा, की एवढ्या मोठ्या शहरात नेमकी अशी जागा शोधलीत जिथं कुणी तुमच्याशी बोलणं अपेक्षितच नाही. बोलणं राहून गेलं तरी तिथं अपराधी वाटत नाही. त्यावर कानात इअरफोन. मालिका बघण्यात काही पाप नाही, पण सकाळचे चार तास तुमचं शरीर जर्मनीत आणि कान कोल्हापुरात, असं दोन महिने चालल्यावर जिभेनं तरी कुणाचं ऐकावं?

यजमानांना सांगायचं का? हो, आणि लवकर. शाळेच्या एखाद्या पत्रातून किंवा कोर्सच्या ऑफिसातून त्यांना कळलं, तर चर्चा तुमच्या एकटेपणावर न होता खोटेपणावर होईल. मुलगा झोपल्यावर सांगा. सफाई देऊ नका. "दोन महिने मी वर्गात गेले नाही, ग्रंथालयात बसते, कारण वर्गात तोंड उघडायची मला भीती वाटते." एवढं पुरे. कोर्सच्या ऑफिसातही स्वतःहून जा. गैरहजेरीचे नियम तुमच्या कागदपत्रांवर अवलंबून असतात, तेव्हा तुम्हाला काय लागू आहे ते तिथंच स्पष्ट विचारून घ्या. जमलं तर वेगळ्या वेळेची बॅच मागा.

आणि त्याच रात्री आणखी एक विषय काढा. "ह्यांचं ऑफिसात इंग्रजीत भागतं" हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला ते खटकलं. म्हणजे घरातलं सगळं जर्मन, डॉक्टर, घरमालक, शाळा, कचऱ्याचे चार डबे, विजेचं बिल, तुमच्यावर आणि एका नऊ वर्षांच्या पोरावर आहे. यजमानांचं जर्मन तुमच्यापेक्षा कितीतरी कच्चं असणार, पण त्यांना कुणी मठ्ठ म्हणत नाही, कारण त्यांची परीक्षाच कुणी घेत नाही. पुढच्या पालकसभेला त्यांना पाठवा. त्या छोट्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन त्यांनाही बसू दे, अर्धं कळू दे, अडखळत एक प्रश्न विचारू दे. घरी आल्यावर दोघं मिळून हसाल. तुमच्या घरात भाषेवरून हसणं बंद झालंय असं पत्रावरून वाटतं. ते परत यायला हवं.

मुलाचं. चारचौघांत आईला दुरुस्त करायचं नाही, हा नियम आजच करा, आणि कारण सांगून करा: मला लाज वाटते. नऊ वर्षांच्या मुलाला हे नीट समजतं. त्याला डॉक्टरकडे किंवा शाळेत दुभाषी करू नका. आईच्या तब्येतीच्या गोष्टी मुलानं भाषांतर करून सांगाव्यात हे त्याच्याही वयाला झेपत नाही. घरात त्याच्याशी मोडक्या जर्मनमध्ये बोलण्याच्या भानगडीत अजिबात पडू नका, तुमची मराठीच बोला, भरभरून. त्याला शाळेत जर्मन मिळतंच आहे, मराठी मात्र फक्त तुमच्याकडून मिळेल. रोज पंधरा मिनिटं त्याला देवनागरी वाचायला बसवा. तो "क्ष" लिहिताना अडखळेल आणि तुम्ही लगेच दुरुस्त न करता थांबाल, तेव्हा समोरच्यानं थांबलेलं कसं वाटतं ते दोघांनाही कळेल.

परत जायचा पर्याय मी खोडत नाही. शाळेत जागा पक्की असेल, दोघांनी बसून ठरवलं असेल, तर जा, त्यात हार नाही. पण दोन गोष्टी तपासा. मुलगा तिसरीत आहे. तिथं चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात, तेव्हा त्याला नेमकं याच वळणावर उचलणं महागात पडू शकतं. आणि दुसरं, तुम्ही कोल्हापूरकडे निघालाय की बेकरीपासून पळताय? जुलैच्या शेवटी सहा आठवड्यांची सुट्टी लागते. ती अख्खी कोल्हापुरात काढा आणि तिथं पाचव्या आठवड्यात हा निर्णय घ्या. रडून झाल्या झाल्या, सोमवारी सकाळी घेऊ नका. वय म्हणाल तर ३८ हे काय वय आहे हो! उच्चाराला थोडा कोल्हापुरी वास राहील, राहू दे.

झोप लागत नाही असंही एका ओळीत लिहिलंत. ते कित्येक आठवडे चालू असेल, जेवण नकोसं होत असेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, तर भाषेचं सगळं बाजूला ठेवून आधी तुमच्या घरच्या डॉक्टरांना सांगा. तिथं इंग्रजी बोलणारे डॉक्टर मिळतात, आणि मराठीतून ऑनलाइन बोलणारे समुपदेशकही आहेत. मनातलं मोकळं करायला परकी भाषा वापरायची सक्ती कुणी केलेली नाही.

रोजच्या सरावाचं सांगते. बेकरी बदलू नका, वेळही बदलू नका. तीच बाई, तीच वेळ, तेच दोन ब्रेत्सेल. दहाव्या दिवशी ती विचारायच्या आधी दोन काढून ठेवील, आणि मग हवापाण्याचं एक वाक्य आपसूक येईल. हसण्याच्या जागी एक वाक्य ठेवा: "नोखमाल, बिट्टे, लांगझाम." पुन्हा एकदा, कृपया, सावकाश. कुणी दयेपोटी इंग्रजीत शिरलं तर "बिट्टे आउफ डॉइच" म्हणून परत ओढा. गावात गायनाचा गट असेल तर त्यात शिरा. तिकडची मैत्री फार करून अशा नोंदणीकृत मंडळांतूनच होते, गाण्याच्या, व्यायामाच्या, बागकामाच्या. एरवी वर्षानुवर्षं शेजारी राहूनही लोक नमस्कारापलीकडे जात नाहीत, ते तुमच्यावरचा राग नाही, ती तिथली रीत आहे. गाण्यात शब्द छापलेले असतात, सगळ्यांबरोबर म्हणायचे असतात आणि चुकलं तर आवाजात मिसळून जातं. भजनी मंडळात नवी बाई मागच्या रांगेत ओठ हलवत बसते, तशा बसा. सरकारी मदतीनं चालणारी "मेअरगेनेराट्सिओनेनहाउस" नावाची केंद्रं जर्मनीभर पाचशेहून अधिक आहेत, आजीआजोबांपासून पोरांपर्यंत सगळ्यांसाठी. तिथं चहाबरोबर भाषेच्या गप्पांचे गट पुष्कळदा असतात. तुमच्या ग्रंथालयातही चौकशी करा.

आणि ती सीरियन बाई. तिला आजच उत्तर द्या. तुम्हा दोघींमध्ये जर्मनशिवाय दुसरी भाषाच नाही, याहून चांगली शिकवणी पैसे देऊन मिळायची नाही. मराठी मैत्रिणीशी जर्मन बोलायला गेलात तर तिसऱ्या वाक्याला दोघी मराठीत याल. हिच्याशी येताच येणार नाही. परीक्षेत बोलणं जोडीनं असतं, तर जोडीदार तुमच्याकडे आधीच आहे.

जर्मनीला निघायच्या तयारीत असलेल्या इतर वाचकांसाठीही दोन शब्द. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून अशी पत्रं वाढली आहेत. स्टुटगार्ट हीच त्या राज्याची राजधानी, आणि १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहरही. नर्सिंगला साधारण बी-२ मागतात, म्हणून मुलंमुली परीक्षेच्या मागे असतात, ते ठीकच. पण निघण्याआधी महिनाभर रोज त्या भागातली बोली कानावर घ्या, कळली नाही तरी. आणि नवरा-बायको दोघं जाणार असाल तर क्लासही दोघांनी लावा. एकानं कमवायचं आणि एकानं भाषा शिकायची, ही वाटणी वर्षभरात घराला जड जाते.

आता त्या चिठ्ठीकडे. जिना झाडायच्या पाळीला तिकडे "केरवोखं" म्हणतात, दाराच्या मुठीला त्याची पाटी अडकवतात. केर-वोखं, केराचा आठवडा! व्युत्पत्तीचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग, पण मी हे वाचून मोठ्यानं हसले. तुम्ही जिना झाडलात, म्हणजे आजींनी मागितलेलं काम केलंत. पण एक प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्या दोन आठवडे गेल्या कुठे होत्या? लेकीकडे, की दवाखान्यात? परत आल्यावर जिन्यात त्यांचं पाऊल कसं वाजतं? महिना झाला, अजून उशीर झालेला नाही. बोलता येत नसेल तर बोलू नका, लिहा. अर्ज लिहिणाऱ्या बाई तुम्ही, लेखनात बी-१ आहे, आणि कागद बेकरीवालीसारखा समोर उभा राहून वाट बघत नाही. चारच ओळी. जिना झाडला होता. आता तुमची तब्येत कशी आहे? शनिवारी कॉफीला वर याल का? वेळ पावणेतीनची द्या आणि ती आजींच्याच भाषेत लिहा, "ड्रायफिअर्टल ड्राय".

आणि दारावर चिकटवायच्या आधी मुलाकडून तपासून घेऊ नका.